विलंब आकार

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली.
'ड' वर्ग. तीन कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली,
म्हणून ते कधीच बंद नसतं.
अनुदान दोन हप्त्यांत येतं. त्यात माझा पगार मावतो,
पंख्याची दुरुस्ती मावत नाही.

विट्याहून आटपाडीकडं जाताना डावीकडं फाटा आहे, तिथलं गाव.
निम्म्या घरांना कुलपं.
माणसं गलाईला गेलेली: सेलम, त्रिचूर, कानपूर, गुवाहाटी.
सराफांच्या दुकानातली झाडलोट विकत घेतात,
भट्टीत घालतात,
आणि धुळीतून सोनं वेगळं काढतात.

महाशिवरात्रीला गाड्या आल्या, लांबलांबच्या नंबरांच्या.
एकीतून हिंदुरावांचा जोतिराम उतरला,
हातात कॅरीबॅग, तीत पुस्तक.
"आबा गेलं कार्तिकात. म्हणालं हुतं,
येवढं वाचनालयात दे. आन् दंड इचार."

दाखल क्रमांक चारशे सात.
आकाशातल्या ताऱ्यांचं पुस्तक.
पहिलं पान नाही, पाठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला.
परतीची तारीख बारा फेब्रुवारी एकोणनव्वद.

दिवसाला पाच पैसे.
मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं,
चौतीस वर्षं, सहा दिवस,
लीप वर्षांचे आठ दिवसही सोडले नाहीत.
सहाशे एकवीस रुपये वीस पैसे.
त्यानं पाचशेच्या दोन नोटा काढल्या.
म्हटलं, थांबा. नियम आहे.
पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त दंड घेता येत नाही.
किंमत अकरा रुपये.

तो हसला नाही. सुटे शोधत राहिला,
शर्टात, पाकिटात, शेवटी गाडीत जाऊन.

तोवर मी पानं चाळली.
तेजाब सांडून सप्तर्षींमधला एक जळालेला.
समासात शिसपेन्सिलीनं तमिळ अक्षरं,
प्रत्येकाखाली आपला उच्चार,
अ, आ, आणि एकापाशी 'जीभ मागे वळवणे'.
चांदीचा भाव. कुणाचा तरी पत्ता, अर्धा.
'आज ढग.'
'आज धूर. दिसले नाही.'
'आज दिसले. सगळ्यांना उठवले.'

आणि शेवटच्या कोऱ्या पानावर
पट्टी लावून आखलेले रकाने, अगदी आमच्या रजिस्टरसारखे:
नाव. नेल्याची तारीख. आणल्याची तारीख.
पोपट. अधिक. शिवदास. हैदर मुलाणी.
पोपट, पुन्हा.
कोंडिबा (वाचता येत नाही, अधिकने वाचून दाखवले).
मुरुगन, चहावाला (फक्त चित्रे).
एकूण एकवीस नावं. एकाही नावापुढं
आणल्याची तारीख रिकामी नव्हती.

माझ्या रजिस्टरात इतकं नीट नाही.

जोतिराम दहाची नोट आणि एक नाणं घेऊन आला.
मी पावती फाडली. ती त्यानं घडी घालून
बापाच्या फोटोमागं ठेवावी तशी पाकिटात ठेवली,
बोलला काहीच नाही. बाहेर हॉर्न वाजत होता.

वार्षिक अहवालाच्या फॉर्मात एक रकाना आहे,
'शाखा असल्यास, ठिकाण'.
गेली एकोणीस वर्षं मी तिथं आडवी रेघ मारते.
मार्चअखेर रेघ मारताना पेन जरा थांबलं.
मग मारलीच. तपासणीला येतात ते कागद मागतात.

चारशे सात खरं तर बाद यादीत टाकायचं होतं.
पान नसलं, डाग असले की टाकावं लागतं.
एप्रिलात अकरावीची रेश्मा आली,
तिचे वडील कोइमतूरला. पुस्तक टेबलावरच पडलेलं.
समासातली ती अक्षरं ती बराच वेळ
बोटानं गिरवत बसली, ओठ हलवत.
"हे घरी मिळतं का ओ, ताई?"

मी रजिस्टर पुढं सरकवलं.
तिनं ते बघितलंच नाही,
पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं
आणि मुरुगनच्या खाली नाव लिहिलं, तारीख घातली.

चुकीच्या जागी लिहिलंस, असं मी म्हणणार होते.
सोमवारी बंद असतं, एवढंच सांगितलं.